वाळूजला ठेकेदाराकडं कामाला आहात? पीएफ असा चेक करा

आधी पगाराची स्लिप मागा, तोंडी हिशोबावर जाऊ नका. स्लिपवर तुमचे १२ टक्के कापलेले दिसतील, मालकाचे १२ टक्के वेगळे, आणि ते त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, तुमच्या पगारातून नाही. माझ्या पहिल्या ठेकेदारानं दोन्ही माझ्याच पगारातून कापले होते अन् मी वर्षभर गप, कामून तर स्लिप कधी बघितलीच नाही!

मग मोबाईलवर यूएएन (तुमच्या पीएफ खात्याचा नंबर) टाकून पासबुक उघडा. एखाद्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, नंतर एंट्री दिसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळं लगेच भांडायला जाऊ नका. पण दोन-तीन महिने कोरे दिसले की स्क्रीनशॉट काढा अन् ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा. तो टोलवतोय? मग ज्या कंपनीत काम करता तिच्या एचआरकडं जा, ठेकेदारानं नाही भरलं तर ती कंपनी जबाबदार असते, पगाराचंही तेच. तरी हललं नाही तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) तक्रार पोर्टलवर टाका, फुकट आहे, एजंटला पैसे कशाला द्यायचे.

अन् हो, तुमची स्वतःची वर्कशॉप असली अन् २० माणसं झाली तर हे सगळं तुम्हालाही लागू.