बाटलीचा आकाशकंदील: दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात करायचा उद्योग

सहामाही परीक्षा संपली की सुट्टी लागेपर्यंत मुलांचं अभ्यासात लक्ष नसतं. ते दोन-तीन दिवस कंदिलासाठी राखून ठेवा. तिसरी-चौथीच्या मुलांना हा छान जमतो.

आठवडाभर आधी प्रत्येकाला घरून कोल्ड्रिंकची एक लिटरची रिकामी बाटली आणायला सांगा. पाण्याच्या बाटल्या नकोत. त्या पातळ आणि वळ्यावळ्यांच्या असतात, त्यामुळे घडी सरळ बसत नाही. लेबल निघण्यासाठी बाटली कोमट साबणपाण्यात ठेवा. पाणी कढत असेल तर बाटली आक्रसते. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने चोळला की सुटतो, मग बाटली पुन्हा साबणाने धुवा. तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. बाटली धुरकट झाली की प्रकाशही मऊ पडतो.

आता आखणी. यात गणित आहे, म्हणून घाई करू नका. बाटलीभोवती बरोबर एक फेरा बसेल एवढी कागदाची पट्टी कापायची आणि चार वेळा निम्मी दुमडायची. उलगडली की सोळा सारखे भाग! पट्टी बाटलीला गुंडाळून तिच्या घड्यांवर मार्करने खुणा करायच्या आणि उभ्या रेषा ओढायच्या. वर खांद्यापाशी आणि खाली बुडाशी तीन-तीन बोटं जागा सोडा. दोन रेषांमधल्या एका पट्टीची रुंदी म्हणजे किती भागिले किती, हे मुलांनाच शोधू दे, सांगून टाकू नका.

रेषांवर कटर मोठ्यांनीच चालवायचा. झाकणाला आणि बुडाला मधोमध भोकही तुम्हीच पाडा. प्रत्येक पट्टी मध्यावर बाहेरच्या बाजूला दुमडून नखाने घडी पक्की करणं हे मात्र पूर्णपणे मुलांचं काम. बुडातून जाड दोरा ओवा, खाली बटण बांधा, वरचं टोक झाकणातून काढून ओढा. पट्ट्या एकदम फुलतात आणि कंदिलाचा आकार येतो. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या.

रंग घडी घातल्यावरच द्या, आधी दिला तर घडीवर तडकतो. पोस्टर कलरचे पोपडे निघतात, म्हणून ॲक्रिलिक वापरा, तोही पातळ. श्रीखंडाचे रिकामे डबे रंग कालवायला उपयोगी पडतात. झिरमिळ्यांना पतंगी कागद हवा, फेव्हिकॉल प्लास्टिकवर नीट धरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या.

आत सेलवर चालणारी एलईडीची छोटी माळ सोडा. पणती किंवा साधा बल्ब कधीही नाही, हे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडतं. घरी जाऊनही कुणी पणती ठेवू नये, हे पालकांना चिठ्ठीत लिहून कळवा.

झाकणापाशी सरकफास ठेवलात तर दोरा सैल करून कंदील पुन्हा लांबट करता येतो आणि दप्तरात मावतो.