अपग्रेडनंतर व्हिडिओ एक्स्पोर्ट होत नसेल तर दोष कसा शोधावा

एडिटिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवल्यावर जुना प्रोजेक्ट नीट उघडतो, टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडलेल्या जागी, सगळे व्यवस्थित चालते आणि तरीही एक्स्पोर्टची, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल बाहेर काढण्याची, पट्टी मध्येच थांबून बिघाडाचा संदेश येतो, अशी तक्रार व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. काम दुसऱ्या दिवशी द्यायचे असेल तर घाईघाईत सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवणे, सगळ्या सेटिंग्ज पुसणे, ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर बदलणे असे अनेक उपाय एकाच वेळी केले जातात. त्यातून एक्स्पोर्ट झालाच, तरी बिघाड कोठे होता हे कळत नाही आणि पुढच्या प्रोजेक्टला तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर निकाल पाहावा, असा माझा आग्रह आहे. पुढील विवेचन मुख्यतः विंडोजवरील अडोबी प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरला धरून केले आहे. मॅकवर काही वेगळे असेल तेथे तसे नमूद केले आहे.

टाइमलाइनवर चालणारा व्हिडिओ एक्स्पोर्टला का अडतो, हे आधी समजून घ्यावे. प्लेबॅकच्या वेळी सॉफ्टवेअर कमी रिझोल्यूशनवर चित्र दाखवू शकते आणि वेळेत तयार न झालेल्या फ्रेम गाळू शकते. एक्स्पोर्टला ही सवलत नसते. प्रत्येक फ्रेम पूर्ण दर्जाने तयार व्हावी लागते, ती एन्कोडरने दाबून लहान करावी लागते आणि शेवटी डिस्कवरील फाइलमध्ये लिहिली जावी लागते. अपग्रेडमुळे फ्रेम तयार करणारे इंजिन बदलते, एन्कोडर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडून नव्या अपेक्षा ठेवू लागतो, आणि सॉफ्टवेअर नव्या फोल्डरमध्ये बसल्यामुळे जुन्या आवृत्तीला दिलेल्या परवानग्या नव्या आवृत्तीला लागू होत नाहीत. या तीनपैकी नेमके कोणते काम अडले आहे, ते शोधायचे आहे.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम जुना प्रोजेक्ट सुरक्षित ठेवावा. प्रीमियर प्रो जुना प्रोजेक्ट उघडताना तो रूपांतरित करून नव्या नावाने जतन करण्यास सांगते. तेथे नाव खरोखर वेगळे आहे याची खात्री करून घ्यावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. तेथे अपग्रेडच्या वेळी संपूर्ण प्रोजेक्ट लायब्ररीचे रूपांतर होते आणि ते उलट फिरवता येत नाही, त्यामुळे लायब्ररीचा बॅकअप त्याआधीच घेतलेला असावा लागतो.

त्यानंतर बिघाडाचा संदेश पूर्ण वाचावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. प्रीमियर प्रोच्या संदेशात बहुतेक वेळा ‘अराउंड टाइमकोड’ अशी एक ओळ आणि ‘कम्पोनंट’ अशी दुसरी ओळ असते. समजा, टाइमकोड ००:०३:१२:०८ असा दिला आहे. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या टाइमलाइनवर याचा अर्थ सुरुवातीपासून १९२ सेकंद आणि वर ८ फ्रेम, म्हणजे १९२.३२ सेकंदांच्या आसपास बिघाड झाला. कम्पोनंटच्या ओळीत ‘इफेक्ट फिल्टर’ किंवा ‘जीपीयू व्हिडिओ फिल्टर’ असे शब्द असतील तर संशय त्या जागेवरील एखाद्या इफेक्टवर जातो. ‘एक्स्पोर्टर’ असा शब्द असेल तर एन्कोडर किंवा फाइल लिहिण्याची जागा आधी पाहावी. हा पक्का पुरावा नव्हे, पण शोधाची दिशा त्यातून मिळते. आता तोच एक्स्पोर्ट काहीही न बदलता पुन्हा करून पाहावा आणि तो त्याच ठिकाणी थांबतो की दर वेळी वेगळ्या ठिकाणी, हे लिहून ठेवावे.

दहा सेकंदांची चाचणी

एक नवा, रिकामा प्रोजेक्ट तयार करावा. त्यात सॉफ्टवेअरबरोबर येणारे रंगीत पट्टे, म्हणजे ‘बार्स अँड टोन’, दहा सेकंद ठेवावेत आणि एच.२६४ या रूढ व्हिडिओ प्रकाराचा तयार प्रीसेट, म्हणजे सेटिंग्जचा संच, निवडून संगणकाच्या आतल्याच डिस्कवर, रोमन अक्षरांतील छोट्या नावाने एक्स्पोर्ट करावे. नावाची अट मुद्दाम घातली आहे. देवनागरीत नावे दिलेले फोल्डर आणि एकात एक गुंतलेले लांबलचक पत्ते मुख्य सॉफ्टवेअरला चालले, तरी काही जुन्या प्लगइनना (सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक भागांना) ते वाचता येत नाहीत.

ही चाचणीदेखील फसली तर प्रोजेक्ट निर्दोष आहे असे समजून पुढे जावे; बिघाड सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा परवानगी यांत आहे. चाचणी पार पडली तर मात्र दोष प्रोजेक्टमध्ये किंवा त्याची फाइल लिहिण्याच्या जागेत शोधावा लागेल.

चाचणी फसली तर

एक्स्पोर्टच्या खिडकीत, व्हिडिओच्या एन्कोडिंग सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’ असा पर्याय असतो. तेथे ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ऐवजी ‘सॉफ्टवेअर एन्कोडिंग’ निवडून तीच चाचणी पुन्हा करावी. वेळ जास्त लागेल, पण एक्स्पोर्ट पूर्ण झाला तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीला पुरेसा पडत नाही, हे जवळजवळ निश्चित होते. ‘हेल्प’ मेनूतील ‘सिस्टम कम्पॅटिबिलिटी रिपोर्ट’ उघडल्यास ड्रायव्हरबद्दलचा इशारा तेथे दिसू शकतो. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरून ‘स्टुडिओ ड्रायव्हर’ घ्यावा. खेळांसाठीचा ‘गेम रेडी ड्रायव्हर’ वारंवार बदलतो आणि एडिटिंगच्या कामासाठी स्टुडिओचाच अधिक भरवशाचा. बसवताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण करावी आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

काही लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचे अंगभूत आणि एनव्हिडियाचे वेगळे अशी दोन ग्राफिक्स असतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधील ‘ग्राफिक्स’ या भागात कोणत्या सॉफ्टवेअरने कोणते कार्ड वापरावे, हे ठरवता येते. ही नोंद सॉफ्टवेअरच्या फाइलच्या पत्त्यानुसार ठेवली जाते. नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये बसली की जुनी नोंद तिला लागू होत नाही आणि आधी शक्तिशाली कार्डावर चालणारे काम नकळत अंगभूत ग्राफिक्सवर जाऊ शकते. नवी नोंद करून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे.

परवानगीचेही असेच आहे. विंडोज सिक्युरिटीमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू असेल तर अनोळखी सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्स, व्हिडिओज, डेस्कटॉप या फोल्डरांत लिहू दिले जात नाही, आणि नवी आवृत्ती त्याच्या दृष्टीने अनोळखी ठरू शकते. परवानगी मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत तिचे नाव घालावे. संपूर्ण संरक्षण बंद करू नये. मॅकवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ तपासावे.

छोटी चाचणी पार पडूनही मूळ प्रोजेक्टची पट्टी शेवटापर्यंत जाऊन ९९ टक्क्यांवर फसत असेल तर जागेचा विचार आधी करावा. एच.२६४ चा एक्स्पोर्ट होताना चित्र आणि ध्वनी यांच्या तात्पुरत्या फाइली वेगळ्या लिहिल्या जातात आणि अखेरीस त्या एकत्र केल्या जातात, त्यामुळे अंतिम फाइलच्या जवळपास दुप्पट जागा मोकळी असावी लागते. पेनड्राइव्ह किंवा जुनी हार्ड डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर तिच्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. सेकंदाला २० मेगाबिट या दराने ३० मिनिटांचा व्हिडिओ साधारण ४.५ जीबी होतो, म्हणजे शेवटी कोठेतरी अडणारच. एक्स्पोर्ट आतल्या डिस्कवर करून फाइल मग हलवावी आणि बाहेरची डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी. फॉरमॅट केल्याने तिच्यावरचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

चाचणी पार पडली, पण प्रोजेक्ट अडतो

आता लिहून ठेवलेला टाइमकोड कामाला येतो. त्या जागेच्या थोडे आधी ‘इन’ आणि थोडे नंतर ‘आउट’ची खूण करून तेवढाच तुकडा एक्स्पोर्ट करावा. तो फसला तर त्या तुकड्यातील क्लिपवरचे इफेक्ट एकेक करून बंद करावेत. संदेशात टाइमकोड नसेल तर टाइमलाइनचे दोन भाग करून कोणता भाग अडतो ते पाहावे, आणि अडणाऱ्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. २४ मिनिटांच्या माहितीपटात पाच वेळा अर्धे केले की शोध ४५ सेकंदांच्या तुकड्यावर येऊन थांबतो. कंटाळवाणे वाटले तरी अंदाज बांधत बसण्यापेक्षा यात वेळ खूप कमी जातो.

दोषी तुकड्यात बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी सापडते: बाहेरच्या कंपनीचा प्लगइन, जो जुन्या आवृत्तीसाठी बनलेला आहे, नव्या आवृत्तीत जुनाट ठरवून बाजूला ठेवलेला एखादा इफेक्ट, किंवा मोबाइलवर चित्रित केलेली क्लिप. प्लगइनच्या बाबतीत निर्मात्याकडून नवी आवृत्ती घेणे हाच खरा उपाय आहे. मोबाइलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा दर प्रकाशानुसार कमीजास्त होत राहतो, आणि अशी क्लिप वेग बदलण्याच्या किंवा स्थिरीकरणाच्या इफेक्टखाली असेल तर तिच्याकडे आधी बोट दाखवावे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून तिची नवी प्रत करावी आणि टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या जागी ती ठेवावी.

दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबणारा एक्स्पोर्ट मात्र क्लिपच्या दोषाकडे बोट दाखवत नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरणे किंवा यंत्र तापणे अशी कारणे तेथे संभवतात. ‘फाइल’ मेनूतील प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘रेंडरर’ या जागी ‘मर्क्युरी प्लेबॅक इंजिन सॉफ्टवेअर ओन्ली’ निवडावे. फ्रेम तयार करण्याचे काम त्यामुळे प्रोसेसरकडे जाते. हे सेटिंग आणि वर सांगितलेले सॉफ्टवेअर एन्कोडिंग ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत, त्यामुळे दोन्ही एकदम बदलू नयेत.

याशिवाय जुन्या आवृत्तीने मागे ठेवलेल्या साठ्याचा प्रश्न असतो. ‘सीक्वेन्स’ मेनूतून ‘डिलीट रेंडर फाइल्स’ करावे आणि एक्स्पोर्टमध्ये ‘यूज प्रीव्ह्यूज’ची खूण काढावी. मग प्रेफरन्सेसमधील ‘मीडिया कॅश’ पुसावा. मूळ चित्रीकरणाला यामुळे धक्का लागत नाही. कॅश पुन्हा तयार होईपर्यंत प्रोजेक्ट उघडायला थोडा वेळ लागतो, इतकेच. जुन्या आवृत्तीत स्वतः बनवलेला एक्स्पोर्ट प्रीसेट वापरत असाल तर तोही बाजूला ठेवून नव्या आवृत्तीतील प्रीसेटवरून नवा बनवावा.

सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणे हा उपाय मी मुद्दाम उशिरा सांगत आहे. सॉफ्टवेअर सुरू करताना ऑल्ट की दाबून धरली की प्रेफरन्सेस पुसण्याचा पर्याय मिळतो, पण त्यासोबत आपल्या अनेक निवडी जातात. मराठीत काम करणाऱ्यांना त्यातील एक निवड फार महाग पडते: ज्या आवृत्त्यांत मजकुरासाठी ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे इंजिन वेगळे निवडावे लागते, तेथे ती निवड गेली की जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या चुकीच्या जागी बसतात. म्हणून प्रेफरन्सेस पुसल्यावर ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’, ‘विद्यार्थी’, ‘कृत्रिम’ असे शब्द एका टायटलमध्ये लिहून ते तपासावे आणि मगच पुढे जावे.

काम आजच द्यायचे असेल तर

एच.२६४ ऐवजी प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबलेल्या, कामाच्या मधल्या टप्प्यासाठीच्या प्रकारात एक्स्पोर्ट करून पाहावे. येथे एन्कोडरवरचा भार बराच हलका असतो, त्यामुळे दोष एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये असेल तर हा मार्ग हमखास निघतो. फाइल मोठी होते: फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम अशा व्हिडिओसाठी प्रोरेस ४२२ चा दर सेकंदाला सुमारे १२२ मेगाबिट आहे, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. ती फाइल हँडब्रेकमधून एच.२६४ करून ग्राहकाला द्यावी.

तेही जमले नाही तर जुन्या आवृत्तीकडे परतावे, आणि त्यात कमीपणा काही नाही. क्रिएटिव्ह क्लाउडच्या अॅपमध्ये सॉफ्टवेअरच्या नावाशेजारच्या मेनूतून काही मागील आवृत्त्या बसवता येतात, आणि त्या नव्या आवृत्तीशेजारी राहू शकतात. सुरुवातीला बाजूला ठेवलेला प्रोजेक्ट तेथे उघडावा. नव्या आवृत्तीत बरेच काम झालेले असेल तर टाइमलाइन एक्सएमएल या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढून जुन्या आवृत्तीत आणता येते. कट आणि क्लिपांच्या जागा टिकतात, पण टायटल आणि बरेचसे इफेक्ट पुन्हा करावे लागतात. त्यामुळे टायटलचा मजकूर आधीच कॉपी करून ठेवावा.

एक्स्पोर्ट झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कोणालाही पाठवू नये. जेथे बिघाड होत होता त्या जागी काळी फ्रेम किंवा हिरवा पट्टा राहिलेला असू शकतो, आणि लांब व्हिडिओत ध्वनी शेवटाकडे ओठांच्या हालचालींपासून सुटलेला असू शकतो. जुनी आवृत्ती संगणकावरून काढण्याची घाईही करू नये. नव्या आवृत्तीत किमान एक पूर्ण प्रोजेक्ट, मराठी टायटलांसह आणि नेहमीच्या प्लगइनसह, अडथळ्याविना एक्स्पोर्ट होईपर्यंत ती तशीच ठेवावी.