गडावरचा ढिगारा उपसताना या चुका टाळा

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात रायगडावर आग लागली आणि वाडे जळाले. अशा गडावर जोत्यांवर साचलेला ढिगारा म्हणजे निव्वळ राडारोडा नव्हे; कोसळलेले छप्पर, भिंतीचा चुना आणि राख ज्या क्रमाने पडली, तो क्रम त्यात टिकून असतो. संवर्धनाच्या कामात तोच सर्वांत आधी मोडला जातो, याचे फार वाईट वाटते.

मजूर आले, चर खणून झाला आणि मग पुरातत्त्वज्ञाला बोलावले, ही नेहमीची चूक आहे. निरीक्षक म्हणून तो पहिली कुदळ पडण्यापूर्वी जागेवर हवा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला हवा. पाण्याचा निचरा करणारे चर, परांचीचे खड्डे, माहितीफलकांचे पाये ही कामे अंदाजपत्रकात किरकोळ दिसली, तरी जमीन तीही फोडतात.

चराच्या कडेला बोटभर जाडीची काळी रेघ, म्हणजे राखेचा थर, दिसली, की फावडे थांबवावे. थापीने कड साफ करावी, मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावे आणि खोली एका ठरावीक बिंदूपासूनच मोजावी. रेघेवर कौलांचे तुकडे आणि खिळे सलग पसरलेले असतील, तर छप्पर बहुधा तिथेच कोसळले असावे. सगळे मिसळलेले असेल, तर ती जागा पूर्वी कोणीतरी उकरली असण्याची शक्यता मोठी. वस्तू आधी उचलली, तर हे कधीच कळत नाही.

टाक्यांचा गाळ स्वयंसेवक मोठ्या तळमळीने काढतात, पण तो कड्यावरून खाली ढकलू नये. ओल्या गाळात लाकूड आणि बियासुद्धा टिकतात, म्हणून तो थराथराने काढून चाळावा. ढिगारा आधीच टाकला गेला असेल, तर कोणता ढीग कुठला हे मजुरांना त्याच दिवशी विचारून नोंदवावे आणि ढीग वेगवेगळे चाळावेत. नेमकी जागा हातची गेली, तरी वस्तू वाचते. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास गुप्तधनाविषयीच्या १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

भिंतींकडेही असेच पाहावे. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरण्यापूर्वी सांध्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि जुन्या चुन्याचा नमुना जागेची नोंद करून वेगळा ठेवावा, कारण नवा चुना भरला की जुनी दुरुस्ती कुठे झाली होती, हे पुन्हा दिसत नाही.