इंदूरच्या उन्हाळ्यात काय घालावं, कसं शिवून घ्यावं

उन्हाळी कपड्यांबद्दल मराठीत जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक मुंबईच्या हवेवर बेतलेले असतात. बाह्या काढून टाका, गळा मोठा ठेवा, अंगावर कमीत कमी कपडा असू द्या. समुद्राकाठच्या दमट उकाड्यात ते ठीक आहे. पण इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी लू सुटते आणि हवेत ओलावा म्हणून सापडत नाही. इथे दंड उघडे टाकले की ऊन आणि तापलेला वारा दोन्ही थेट कातडीवर येतात. म्हणून माळव्यात राहणाऱ्यांनी उलटं करावं: अंग झाकावं, पण सैल झाकावं, आणि घाम पिऊन तो वाळू देणारं कापड वापरावं.

यामागचं कारण सरळ आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण 34-35 अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वाऱ्याने अंग निवत नाही, आणखी तापतं. मग अंग थंड ठेवायला एक घामच उरतो, कारण वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. घरातल्या कूलरची जाळी हेच काम करते. ओली जाळी, त्यातून जाणारा कोरडा वारा, की खोली गार. आपला कपडा ही आपल्या अंगावरची जाळी आहे असं धरून चाला, म्हणजे पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप पटतील.

पायरी 1: नक्षीआधी कापड बघा

दुकानात आधी रंग डोळ्यांत भरतो आणि तिथेच फसगत होते. राजवाड्याच्या आसपास किंवा शीतलामाता बाजारात ‘कॉटन’ म्हणून पुढ्यात टाकलेल्या कुर्त्यांत पॉलिएस्टरची भेसळ असलेले बरेच निघतात. फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतं, लिनन सुमारे 12 टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे साध्या पॉलिएस्टरच्या कुर्त्यात घाम कापडात जिरतच नाही, पाठीवरून ओघळत राहतो.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळा, दहा अंक मोजा आणि सोडा. सुताला आणि लिननला सुरकुत्या पडतातच. कापड जसंच्या तसं उलगडलं तर त्यात कृत्रिम धागा आहे असं समजायला हरकत नाही. मग ते उजेडासमोर धरा. धाग्यांच्या मधून बारीक बारीक उजेड दिसला पाहिजे, नाहीतर वारा खेळणार नाही. तिसरं म्हणजे पाण्याचा एक थेंब. चांगलं सूत तो पिऊन टाकतं. नव्या कापडाला खळ असेल तर थेंब जरा रेंगाळतो, तेवढी सूट द्या. घरी आल्यावरही शंका राहिली तर आतल्या कडेने कापडाचाच (शिवणीचा नव्हे) एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो.

रोजच्यासाठी मलमल, वॉइल आणि केंब्रिक या पातळ सुती कापडांना तोड नाही. ऑफिसात जरा भारदस्त दिसायचं असेल तर लिनन किंवा बारीक सुताची खादी. लिनन चुरगळतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण त्याची चुरगळ शोभून दिसते, आणि इतकं लवकर वाळणारं कापड दुसरं क्वचितच. रेयॉनचे कुर्ते स्वस्त आणि सुळसुळीत असतात, ओलावाही चांगला पितात. मात्र ओले झाले की जड होऊन अंगाला चिकटतात, म्हणून ते घरातच बरे.

बाग प्रिंटबद्दल थोडं सविस्तर सांगितलंच पाहिजे. हे काम आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या बाग गावचं. सुती कापडावर लाकडी ठशांनी लाल आणि काळी नक्षी उमटवतात. लाल रंगासाठी तुरटी आणि काळ्यासाठी लोखंड वापरतात, आणि धावडीच्या फुलांबरोबर कापड उकळून रंग पक्का करतात. पांढऱ्या जमिनीवर ती लाल-काळी वेलबुट्टी इतकी ठसठशीत दिसते की अंगावर दुसरं काही घालायची गरज राहत नाही. हल्ली हीच नक्षी सिंथेटिक कापडावर छापून विकतात. कापड उलटं करून बघा. ठशाच्या कामात रंग मागच्या बाजूला उतरलेला असतो आणि दोन ठसे जुळतात तिथे कुठेतरी केसभर फरक असतोच.

पायरी 2: मास्टरजींना नीट सांगा

उत्तम कापड घेऊन ते अंगाला घट्ट शिवलं तर पैसे वाया गेले. कापड आणि कातडी यांच्यात हवा फिरायला जागा हवी. छातीच्या मापावर चार इंच सैल ठेवायला सांगा. काखेत तर आवर्जून जागा हवी, कारण पहिला डाग तिथेच पडतो आणि पहिली शिवणही तिथेच उसवते. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात काखेखाली एक चौकोनी तुकडा जोडलेला असायचा. तो पुन्हा जोडून घ्या, हात उचलला तरी कुर्ता वर ओढला जात नाही. बाही कोपराखालपर्यंत, पण रुंद. बाजूचे कट कमरेपासून.

सैल म्हणजे गबाळं नव्हे, हे खांद्यावर ठरतं. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली की खालचा सगळा घेर डौलदार दिसतो. ती दंडावर उतरली की तोच कुर्ता मागून आणल्यासारखा वाटतो. खांदा आणि गळा मापाचा, बाकी सगळं सैल, एवढं सांगितलं तरी मास्टरजींना पुरतं.

अस्तराकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. ब्लाउज टू-बाय-टू रुबियाचा आणि आत अस्तर सिंथेटिक, असं सर्रास चालतं. मग वरच्या सुताचा उपयोग काय? अस्तर सुतीच लावायला बजावून सांगा, नाहीतर अस्तराचं कापड स्वतःच नेऊन द्या. साडीखाली परकरही पॉपलिनचा. नाडीच्या जागी घामोळं येत असेल तर नाडी रुंद घ्या आणि सैल बांधा. अंगाला चिकटून बसणारे लवचीक परकर थंडीतल्या लग्नांसाठी राखून ठेवा. आणि हो, सुती कापड शिवायला देण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. आटायचं तेवढं आधीच आटू दे.

पुरुषांसाठी थोडक्यात: शर्ट खोचायचा नसेल असाच शिवून घ्या, म्हणजे खालून वारा वर जातो. जीन्सला मे महिन्यात सुटी द्या. पातळ सुती बनियन मात्र घालाच. घाम शोषला जातो आणि शर्टावर ठिपके उठत नाहीत.

पायरी 3: रंगाचा फार बाऊ करू नका

पांढरा गार, काळा गरम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घट्ट टी-शर्टला ते लागू आहे. सैल कपड्याचं गणित वेगळं. वाळवंटातले बेदुइन लोक काळे घोळदार झगे का घालतात, यावरचा एक अभ्यास 1980 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो खरा, पण ती उष्णता आतल्या हवेबरोबर निघून जाते आणि अंगापर्यंत पोहोचते ती दोन्ही झग्यांत सारखीच, असं त्यात दिसलं.

शिवाय पातळ पांढऱ्या मलमलीतून अतिनील किरण बरेच आत येतात आणि ती घामाने भिजली की आणखी. दुपारी बराच वेळ बाहेर काम असेल तर घट्ट विणीचं गडद निळं किंवा मरून केंब्रिक सैल शिवून घातलेलं बरं. ज्यांना फिके रंग खुलत नाहीत त्यांनी उन्हाळाभर मन मारून पांढऱ्यात वावरायचं काही कारण नाही. घामाचे डाग टाळायचे असतील तर मधल्या छटा, विशेषतः राखाडी आणि आकाशी, टाळा. बारीक नक्षीत डाग लपतो.

पायरी 4: डोकं आणि पाय

दोन-सव्वादोन मीटर मलमलीची ओढणी किंवा पंचा सतत जवळ असू द्या. निघताना भिजवून घट्ट पिळा, आधी डोक्यावरून घ्या आणि मग दोन्ही टोकं मानेमागून पुढे आणून छातीवर सैल सोडा. कोरड्या हवेत तो वाळेपर्यंत मानेला आणि कानांना चांगला गारवा मिळतो. दुचाकीवर असाल तर हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला. पायांत चामड्याच्या उघड्या चपला. बूट घालणं भागच असेल तर मोजे सुती आणि रोज धुतलेले. रबरी तळ पातळ असेल तर डांबराचा चटका थेट पोहोचतो, जाड तळ बघून घ्या.

चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं असं काही दिसलं तर कपड्यांचा विचार सोडा. सावलीत आणा, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

पायरी 5: मे महिन्यातलं लग्न

आपल्याकडची लग्नं आणि मुंजी नेमक्या याच दिवसांत. मुहूर्तावर पैठणी नेसायची हौस कुणी मोडू नये. पण अक्षता पडल्या, फोटो झाले की बदलायला माहेश्वरी बरोबर ठेवा. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात आपल्या राजधानीत, महेश्वरला, विणकर वसवले, आणि परंपरेने या साडीत उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. त्यामुळे तिला रेशमाची झळाळी आहे आणि सुताचा हलकेपणाही. काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामातून घेतलेली नक्षी असते: चटई, हिरा, वीट, नर्मदेची लहर. काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असेल तर साडी उलटसुलट कशीही नेसता येते. घेताना हातमागाची खूण बघा. चंदेरी साडी याहूनही तलम, संध्याकाळच्या स्वागत समारंभाला ती जास्त खुलते. नवरदेवाच्या मित्रांनी कोटाचा हट्ट सोडून चंदेरीचा किंवा सिल्क-कॉटनचा कुर्ता घालावा, पंगतीत शेवटपर्यंत ताजेतवाने दिसतील.

पायरी 6: जून उजाडला की बदल करा

जूनच्या मध्याच्या सुमारास पावसाळी हवा येते आणि कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा वरचं गणितही बदलतं. जाड खादी आणि भिजवलेला पंचा दोन्ही बाजूला ठेवा, कारण ओलावा वाळतच नाही. पातळ वॉइल, लिनन, आखूड बाह्या, पोटरीपर्यंतचे पायजमे बाहेर काढा. मुंबईचा सल्ला आपल्याला उपयोगी पडतो तो या दिवसांत.

पायरी 7: धुणं आणि खळ

घामाचा कपडा बादलीत मुरवत ठेवू नका, त्याच दिवशी पाण्यातून काढा. बाग प्रिंट पहिल्या काही वेळा वेगळं, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. इथल्या दुपारी सावलीतही मलमल तासाभरात वाळते, म्हणून चार जोडांत उन्हाळा आरामात निघतो. तांदळाच्या पेजेची खळ द्यायची तर अगदी पातळ: कपडा अंगापासून सुटा राहील इतकीच. दाट खळीने धाग्यांमधली जागा बुजते आणि कापड घाम पीत नाही. हंगाम संपला की साड्या आणि कुर्ते खळ धुऊन काढूनच कपाटात ठेवा, खळीवर कसर येते.