सर्ज प्रोटेक्टर नंतर, आधी अर्थिंग: टेलिफोन लाईनच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

आयटीआय करून नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात ईपीएबीएक्स (कंपनीतलं छोटं टेलिफोन एक्सचेंज), केबलच्या कामाला लागलेली मुलं हमखास विचारतात, ‘चांगला सर्ज प्रोटेक्टर कुठला घ्यायचा?’ मी म्हणतो, आधी अर्थिंग दाखव. सर्ज म्हणजे लाईनवर अचानक उसळणारं व्होल्टेज; ते अर्थिंगमधूनच जमिनीत जातं.

एक्सचेंजकडून येणाऱ्या दोन तारांच्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी असतो; रिंग वाजताना ७५ च्या आसपास एसी. एमडीएफच्या (बाहेरच्या तारा आतल्या तारांना जोडतात ती चौकट) प्रोटेक्शन मॉड्यूलमधली गॅस ट्यूब सहसा २३० व्होल्टची असते. व्होल्टेज त्यापुढे गेलं की ती जादा करंट अर्थकडे सोडते. म्हणजे सगळा भार अर्थच्या तारेवर. वीज पडते तेव्हा करंट मायक्रोसेकंदांत चढतो. मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर धरला, तरी मीटरभर तारेवर हजारेक व्होल्ट उभे राहतात. म्हणून तार जाड, सरळ आणि जमेल तितकी आखूड ठेवा. उरलेल्या तारेचं वेटोळं करून टाय मारलेली दिसली, की मी ती आधी कापायला लावतो.

टेलिफोनचा अर्थ वेगळा आणि विजेचा वेगळा, असं बऱ्याच ठिकाणी मुद्दाम करतात. ते घातक आहे. सर्ज आला की अर्थिंगच्या दोन खड्ड्यांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो वाट काढतो थेट ईपीएबीएक्सच्या लाईन कार्डातून (लाईन जोडलेली असते त्या सर्किट बोर्डातून). दोन्ही अर्थ एकमेकांना जोडलेच पाहिजेत.

अर्थचा रेझिस्टन्स मोजायचा कधी, हेही महत्त्वाचं. आपली काळी माती श्रावणात ओली असते, रीडिंग छान येतं. मे महिन्यात तीच भेगाळते, रेझिस्टन्स चढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. रीडिंग मे महिन्यातच घ्या.

खरखर आणि गुणगुण हा वेगळा विषय. जोडीला पीळ असतो, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट येतो आणि फोनमध्ये तो कटतो. जॉइंटमध्ये पाणी शिरून एकच तार अर्थला गळायला लागली, की तोल जातो आणि ५० हर्ट्झचा आवाज कानावर येतो. फोनचा सेट बदलून काही होत नाही. दोन्ही तारा अर्थशी वेगवेगळ्या तपासा. रीडिंग सारखी हवीत. कारखान्यात मोटार ड्राइव्हच्या केबलशेजारून जोडी नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

केबलवर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारण्यापूर्वी मॉड्यूल काढा. ५०० व्होल्टला गॅस ट्यूब पेटते, आणि चांगली केबलही खराब दिसते. आणि ढग गडगडायला लागले, की पोलवरून उतरा, एमडीएफपासूनही लांब व्हा. तक्रार कितीही तातडीची असो, ती थांबू शकते.