भूकंपात इजा वाढवणाऱ्या या चुका टाळा

भूकंपात कोणाला किती इजा होईल, हे केवळ धक्क्याच्या तीव्रतेवर ठरत नाही. माणूस कोणत्या बांधकामात आहे, त्याच्याभोवती काय रचून ठेवले आहे आणि त्या काही सेकंदांत तो काय करतो, यांवरही ते अवलंबून असते. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीला आणि 17 जानेवारी 1994 रोजी अमेरिकेतील नॉर्थरिजला, दोन्हीकडे पहाटे चार-साडेचारच्या सुमारास, लोक झोपेत असताना जमीन हादरली. किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली; नॉर्थरिजमध्ये बहुतेक घरे उभी राहिली, तरी अंगावर पडलेल्या वस्तूंमुळे, तोल जाऊन आणि अंधारात फुटक्या काचांवर अनवाणी चालल्याने पुष्कळ लोक जखमी झाले.

म्हणून पक्क्या इमारतीत हादरे सुरू असताना दाराकडे किंवा जिन्याकडे धावणे ही सर्वांत घातक चूक होय. जोरदार हादऱ्यात पाय ठरत नाहीत, शिवाय सज्जे, कठडे आणि काचा बाहेरच्या भिंतीलगतच कोसळतात. त्याऐवजी गुडघ्यांवर बसावे, भक्कम टेबलाखाली शिरून डोके व मान झाकावी आणि टेबलाचा पाय धरून ठेवावा, कारण टेबलही सरकते. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला आता सोडून द्यावा. तिथे वरून पडणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण मिळत नाही आणि हेलकावणारे दार अंगावर आदळते. मात्र कच्च्या, मातीत बांधलेल्या घरात तळमजल्यावर दाराशीच असाल आणि समोर मोकळी जागा असेल, तर चटकन बाहेर पडणे अधिक योग्य.

अंथरुणात असाल तर तिथेच राहून उशीने डोके झाकावे. अर्थात उशाशी जड तसबीर किंवा न बांधलेले कपाट असेल तर हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही, आणि ही चूक भूकंपाच्या कितीतरी आधी झालेली असते. उंच कपाटे भिंतीला पट्टीने जखडावीत, जड वस्तू खालच्या फळीवर ठेवाव्यात आणि पलंगाजवळ बंद चपला व विजेरी असावी. वृद्धांना आणि चालण्यास अडचण असलेल्यांना खाली बसण्याचा आग्रह करू नये. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीने ब्रेक लावून, पुढे वाकून मान हातांनी झाकावी.

हादरे थांबल्यावर लिफ्ट वापरू नये. गॅसचा वास आल्यास काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. तडे गेलेल्या घरात सामानासाठी परतू नये, कारण पश्चात धक्के आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंती पाडतात.