मेंदूच्या दुखापतीतून सावरणारे मूल: पालकांनी या चुका टाळाव्यात

टाके निघतात, मूल पुन्हा चालू-बोलू लागते, आणि 'आता सगळे ठीक झाले' असे घरातले सगळेच मनोमन ठरवून टाकतात. पहिली चूक इथेच होते. डोक्यावरची जखम भरली म्हणजे मेंदूचे कामही पूर्ववत झाले असे होत नाही. उरलेला त्रास बाहेरून दिसत नसल्यामुळे त्याला आळस, हट्ट किंवा नाटक अशी नावे पडतात, आणि मुलाला बोलणी खावी लागतात.

सर्वांत जास्त गैरसमज थकव्याबद्दल होतो. पूर्वी सहज होणाऱ्या कामासाठीही सावरणाऱ्या मेंदूला अधिक कष्ट पडतात. मूल पहिले पान नीट वाचते, थोड्या वेळाने एकाच ओळीवर तिसऱ्यांदा बोट फिरवते, डोळे चोळते, आणि अखेर पेन्सिल भिरकावते. पेन्सिल भिरकावल्यावर रागावण्यात अर्थ नसतो. अभ्यास थांबवायचा तो डोळे चोळू लागल्यावर. अवघड विषय मूल ताजेतवाने असते त्या वेळी घ्यावा आणि विश्रांती थकण्यापूर्वीच द्यावी. कोणत्या वेळी, कशानंतर मूल चिडले याची आठवडाभर नोंद ठेवली, तर थकव्याची वेळ बहुधा लक्षात येते.

'दप्तर भर, बूट घाल आणि बाटली घेऊन ये' असे एका दमात सांगितले, तर मूल नुसते दप्तर घेऊन उभे राहते. ते ऐकत नाही असे नसून, सांगितलेले मनात धरून ठेवणे त्याला जड जाते. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी थांबावे, हे थांबणे आपल्याला कितीही लांबलेले वाटले तरी. रोजच्या कामांचा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावल्यास आठवण करून देण्याची कटकट कमी होते.

रागाचे झटके आणि मनात येईल ते बोलून टाकणे यांमागे पुष्कळदा कपाळामागच्या भागाला झालेली इजा असते, कारण आवेग आवरण्याचे काम मुख्यतः तिथे चालते. पण तेवढ्यावरून सगळे नियम सोडून लाड करणेही योग्य नाही. नियम मोजके व रोज तेच असावेत, आणि समजावणे मूल शांत झाल्यावरच करावे.

सौम्य दुखापतीनंतर मुलाला कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवण्याचा सल्ला आता दिला जात नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळून न राहता दगदग टाळणे), त्यानंतर त्रास फार वाढणार नाही इतपत हळूहळू हालचाल, आधी शाळा आणि मग खेळ, असा क्रम असतो. मेंदू सावरण्यापूर्वी डोक्याला दुसरा मार बसणे धोक्याचे असते, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीवाचून मैदानावर पाठवू नये. गंभीर दुखापतीत मात्र पुनर्वसनाचे वेळापत्रक उपचार करणारे डॉक्टरच ठरवतात. फिटची औषधे मूल बरे दिसते म्हणून परस्पर बंद करू नयेत. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, वाढती गुंगी, फिट, अडखळते बोलणे किंवा एका बाजूची ताकद कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

'लहान मेंदू आहे, भरून निघेल' हा दिलासा प्रेमापोटी दिला जातो, पण तो पुरता खरा नाही. नियोजन, एकाग्रता आणि स्वतःला आवरणे ही कौशल्ये विशीपर्यंत आणि त्यानंतरही घडत राहतात. म्हणूनच सहाव्या वर्षी झालेल्या इजेचा परिणाम कधी कधी बाराव्या वर्षी, विषय वाढल्यावर आणि अभ्यासाची आखणी स्वतः करायची वेळ आल्यावर दिसू लागतो. तोवर जुनी दुखापत कुणाच्या ध्यानीमनीही नसते. त्यामुळे दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना ती लेखी कळवावी, मुलाला कशाने मदत होते हेही त्यात लिहावे, आणि गुण अचानक घसरले तर शिकवणी लावण्याआधी मुलाची स्मरणशक्ती, लक्ष आणि विचारांचा वेग यांची मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी.